बाकड्यावरचं चेक-आउट

आबांच्या लेखी लॉज हा मुळातच उलटा धंदा होता. "आमच्यात ऱ्हानाऱ्याला दाम मिळतो," ते म्हणायचे, "तुमच्यात ऱ्हानाराच देतो. आन् वर जाताना बोलूनबी घेतो." हे ते आम्हा नोकरमाणसांत म्हणत असते तर ठीक होतं. ते काउंटरवर कोपर टेकून गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, आणि गिऱ्हाईक पाकीट उघडायचं थांबून माझ्याकडे बघायचं.

आमचं लॉज सोलापूर स्टेशन आणि दवाखाने यांच्या मधल्या रस्त्यावर आहे. आबा तिथले मॅनेजर आणि मी काउंटरवर, त्यांच्या हाताखाली. कॉम्प्युटर मला येत होता आणि त्यांना येत नव्हता, त्यामुळे कोण कुणाच्या हाताखाली हे रोज सकाळी नव्याने ठरायचं. थोरल्या मालकांनी त्यांना मॅनेजर का केलं हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. डोक्याला पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडी, आणि मालकांनी हौसेने शिवून दिलेला कोट खुंटीला. तो कोट मी त्यांच्या अंगावर कधी पाहिला नाही. खुंटीवर मात्र तो नेहमी इस्त्री केलेला असायचा.

ते सांगोल्याकडचे धनगर. त्यांचा उलटा धंदा समजायचा तर आधी त्यांचा सुलटा धंदा समजून घ्यावा लागतो. रानातली पिकं निघाली की त्यांचा वाडा हिंडायला निघतो. वाडा म्हणजे घर नव्हे. माणसं, मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं असा सगळा मिळून जो तळ पडतो, तो वाडा. शेतकरी त्यांना बोलावून आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, कारण रात्रभर बसलेली मेंढरं लेंड्यांचं खत टाकून जातात. जितक्या राती बसतील त्या मानाने ज्वारी द्यायची. म्हणजे मुक्काम करणाऱ्याने मोबदला घ्यायचा, आणि जागेच्या मालकाने तो हात जोडून द्यायचा. अशा रिवाजात वाढलेल्या माणसाला आम्ही लॉजच्या काउंटरवर बसवलं होतं.

भिंतीवर घड्याळ होतं, पण आबा खोली सोडायची वेळ त्यावरून ठरवत नसत. दारासमोरच्या दुसऱ्या पायरीवर ऊन आलं की चेक-आउट. उन्हाळ्यात ते लवकर यायचं, थंडीत उशिरा, आणि आभाळ असलं की येतच नसे. धाकट्या मालकांनी, म्हणजे थोरल्यांच्या मुलाने, एकदा वैतागून विचारलं होतं, "आबा, म्हणजे ढग आले की चेक-आउट रद्द का?"

"ढगात कोन कुटं निघतंय, मालक?" आबा म्हणाले. त्यांना त्यात काही चूक दिसत नव्हती.

गिऱ्हाईक किती दिवस राहणार हे ते त्याच्या बोलण्यावर ठरवत नसत. "एकच रात्र," असं म्हणणाऱ्याकडे ते मान डोलावायचे, पाण्याचा जग घेऊन स्वतः वर जायचे आणि खाली येऊन मला सांगायचे, "ह्यो लांबतोय. कपडं खुंटीला लावलं." ज्याने पिशवीचा बंदही सोडला नाही तो सकाळी जाणार, ज्याने देवाची तसबीर टेबलावर मांडली तो महिनाभर हलत नाही, असे त्यांचे ठोकताळे होते. ते चुकायचे नाहीत असं म्हणवत नाही, पण गिऱ्हाइकांपेक्षा कमी चुकायचे. दवाखान्यासाठी आलेल्या माणसाला आपला मुक्काम किती हे माहीतच नसतं. डॉक्टर सांगतात तीन दिवस, मग आणखी दोन, मग बघू. आमच्या लॉजचा निम्मा धंदा या 'बघू'वर चालायचा.

आणि म्हणूनच ते बाकडं.

बंद पडलेल्या गिरणीच्या कॅन्टीनमधलं लांबलचक सागवानी बाकडं थोरल्या मालकांनी कधीतरी लिलावात घेतलं होतं. ते काउंटरसमोर भिंतीला लागून असायचं. कुणाला मुक्काम वाढवायचा आहे, पण ती खोली दुसऱ्याला देऊन झाली आहे, असा पेच पडला की आबा हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. येणाऱ्याला थांबवून घ्यायचे, जाणाऱ्याला खाली बोलवायचे, दोघांना बाकड्यावर शेजारी बसवायचे, समोरच्या टपरीवर चहा सांगायचे आणि म्हणायचे, "तुमी येनार, हे जानार. आता बोला." एवढं बोलून ते टाकी बघायला गच्चीवर निघून जायचे. टाकीला फ्लोट होता. पाणी आपोआप बंद व्हायचं, बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

बाकड्याचा रिवाजही ठरलेला होता. आधी जाणाऱ्याने येणाऱ्याला खोलीची खोड सांगायची. कुठला नळ गळतो, कुठली खिडकी लागत नाही, गरम पाणी कधी येतं. मग वेळेचं बोलायचं. जाणाऱ्याने 'राहू द्या' म्हणून मागायचं नाही, फक्त काय आहे ते सांगायचं. 'राहा' म्हणायचं की नाही हे येणाऱ्याच्या तोंडी.

मला ही पद्धत अजिबात पटायची नाही. अहो, पैसे घेतो आपण, न्याय आपण द्यायचा. दोन अनोळखी माणसांना एकमेकांच्या गळ्यात बांधून गच्चीवर पळायचं, हा कुठला मॅनेजरपणा? आणि दर वेळी गोड होत असे असंही नाही. एकदा बियाणांच्या कंपनीचा फिरतीवरचा माणूस आणि विम्याचा एक साहेब बाकड्यावर बसले. त्यांचं इतकं जमलं की दोघं एकाच खोलीत राहिले, भाडं निम्मं निम्मं वाटून घेतलं, आणि आमचं एक भाडं बुडालं. दुसऱ्या एका वेळी दोघं असे जुंपले की रागारागाने दोघंही समोरच्या लॉजवर गेले. आबा गच्चीवरून खाली आले, रिकाम्या बाकड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चला, खोली मोकळी झाली." मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

पद्धत कुठून आली ते एका दुपारी किल्ल्या लावता लावता त्यांनी सांगितलं. मी चिडून विचारलं होतं, म्हणून सांगितलं. एरवी ते स्वतःबद्दल बोलणारे नव्हते.

"रानात असंच आसतंय, पोरी. एकाच रानाचा दोन वाड्यांना शबूद जातो कदी कदी. मग रानाचा मालक मदी पडत न्हाय. त्यो पडला तर एकाची बाजू घेनार. दोन वाडं समोरासमोर बसत्यात, तंबाकू मळत्यात. कुनाची मेंढी व्यायला झालीया, कुनाचं कोकरू लंगडतंय, समद्यांना दिसतंय की. मग एकजन उठतो आन् म्होरं जातो. व्यालेल्या मेंढीला वाडा थांबतो, ही रीत हाय. तितं घड्याळ न्हाय चालत."

"पण हे लॉज आहे, आबा."

"व्हय, लॉज हाय." त्यांनी हातातली किल्ली फळीवर लावली. "कारभारनीला घिऊन ह्याच लॉजात उतरलो व्हतो मी. ती दवाखान्यात, मी हितं. मुदत सपली व्हती, ते ठावं व्हतं मला. सकाळी दवाखान्यातनं आलो तर माझं गाठुडं पायरीवर आन् दाराला दुसऱ्याचं कुलूप. जायाचं तर व्हतंच की. मी काय नको म्हनलो आसतो व्हय? त्याचं तोंड दिसलं आसतं तर मीच म्हनलो आसतो, ये बाबा, टेक, तुजं बी कोन तरी आजारी आसंल. पर मला तोंड दिसलं न्हाय कुनाचं. कुलूप दिसलं."

आबांची बायको त्या आजारातून उठली नाही. तेव्हाच्या मॅनेजरने गाठोडं बाहेर ठेवलं होतं, आणि थोरल्या मालकांना ते नंतर कळलं. माणूस चांगला होता, ओशाळला. जिन्याखाली जुन्या गाद्या टाकायची एक खोली होती, ती रिकामी करून त्यांनी आबांना दोन दिवस टेकायला दिली. मुलंबाळं नव्हती, वाडा पुढं निघून गेला होता. दोन दिवसांत आबा टाकी बघायला लागले, मग चाव्या सांभाळायला, मग काउंटर. "ही आमच्या लॉजची सगळ्यात मोठी मुदतवाढ," असं थोरले मालक स्वतः जाईपर्यंत हसत सांगायचे. जिन्याखालची ती खोली हेच आबांचं घर. दुसरं त्यांना नव्हतं.

थोरले मालक गेल्यावर धाकटे मालक पुण्याहून आले. हॉटेलचं रीतसर शिकलेले. आल्या आल्या त्यांनी लिफ्टसाठी कर्ज काढलं (लिफ्ट अजून बसायचीच आहे), लॉज ऑनलाइन बुकिंगला जोडलं आणि मला नवा कॉम्प्युटर दिला. मला ते आवडायचे, खोटं कशाला बोलू. पगार वेळेवर झाला, चादरी रोज बदलल्या जाऊ लागल्या. फक्त त्या कॉम्प्युटरला बाकडं कळत नव्हतं. चेक-आउटची वेळ टळली की खोलीचं नाव पडद्यावर लाल व्हायचं, आणि लाल झालेलं नाव घेऊन मी आबांकडे गेले की ते पायरीवरच्या उन्हाकडे बोट दाखवायचे.

मग आलं ते टेंभुर्णीचं लग्न.

लग्न सोलापुरातल्या कार्यालयात, आणि मुलाकडच्यांनी आमचं अख्खं लॉज घेतलेलं. त्या सकाळी फक्त एक खोली सुटायची राहिली होती, वरच्या मजल्यावरची. तिच्यात अक्कलकोटच्या अलीकडच्या एका खेड्यातली आजी आणि तिची नुकतीच बाळंत झालेली लेक उतरली होती. बाळ दिवस भरायच्या आत झालेलं, म्हणून दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं. आईला घरी सोडलं होतं, पण तिला ठरावीक वेळाने दूध काढून द्यायला जावं लागायचं. गावाहून ते कसं जमणार? बाळ लवकर सुटेल या हिशेबाने त्यांनी मोजके दिवस घेतले होते. आता डॉक्टर 'बघू'वर आले होते.

मी आजीला नियम सांगितला. मुक्काम वाढवायचा तर आजच्या दराने, आज लग्नाची तिथी आहे म्हणून दर जास्त, आणि तेही खोली असेल तर. खोली तर नाहीच. मी पडदासुद्धा तिच्याकडे वळवून दाखवला.

"इल्ल री," आजी कानडी हेलात, नाही म्हणून मान हलवत म्हणाली, "पैसं देतो की मी, मागंपुडं. लेकरू पेटीत हाय री. कुटं जाऊ मी हिला घिऊन?"

आसपासच्या लॉजना मी फोन केले. लग्नाची तिथी सगळ्यांनाच होती. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि वरमाई उतरली. टेंभुर्णीत खतं-बियाणांचं मोठं दुकान असलेल्या घरातली बाई, आवाज दुकानासारखाच मोठा. "मॅनेजर कोण? चाव्या द्या आधी. खालची खोली माझ्या भावांना. त्यांची सोय नीट झाली नाही तर अक्षता पडेपर्यंत तोंडं वाकडी करून बसतील."

आबा पुढे झाले. "बसा की वैनी. चा येतोय."

"मला बसायला वेळ नाही हो."

"बसा. तुमच्या आदी हितं कोन व्हतं ते तरी बगा." त्यांनी आजीलाही हाताने खूण केली. दोघींना बाकड्यावर बसवलं आणि आबा टाकी बघायला गेले. धाकटे मालक त्या वेळी कार्यालयात जेवणाचं ठरवत होते, नाहीतर त्यांनी हे होऊ दिलं नसतं. मी काउंटरमागे मान खाली घालून बसले. मला लाज वाटत होती.

आजीने कुणी न सांगताच रिवाजाप्रमाणे खोलीचं सांगायला सुरुवात केली. "पंख्याचं बटन उलटं हाय. खाली केलं की बंद होतंय. गरम पानी सकाळच्यालाच भरून ठिवायचं."

"बरं," वरमाई म्हणाली. मग जरा वेळाने, "कुठल्या तुम्ही?"

आजीने गाव सांगितलं.

"दवाखान्यात कोण?"

"नात. पेटीत हाय."

वरमाईने चहाचा घोट घेतला. मला वाटलं, झालं, आता ही उठून चाव्या मागणार. तेवढ्यात जिन्यावरून आजीची लेक उतरताना दिसली. एक हात कठड्यावर, एक पोटावर, कानाला रुमाल बांधलेला, आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दूध द्यायला जायची वेळ झाली होती. वरमाईने हातातला कप खाली ठेवला.

"ही अशी चढ-उतर करते? दिवसातनं किती वेळा?"

"जितक्या येळा जायाचं तितक्या येळा," आजी म्हणाली.

वरमाई ताडकन उठली आणि सरळ माझ्या अंगावर आली. "बाळंतिणीला वरच्या मजल्यावर ठेवलंत? बाई आहात ना तुम्ही? काही अक्कल?" "खालची खोली तिला द्या. आत्ता. तिच्या आईचं सामान मी बघते कसं येत नाही खाली ते."

तिच्याबरोबर आलेली एक आत्याबाई कुजबुजली, "अगं, सोयर असेल त्यांना. हळदीच्या घरात..."

"हे घर नाही, लॉज आहे," वरमाई म्हणाली, आणि स्वतः जिना चढून आजीच्या पिशव्या घेऊन आली.

आबा खाली आले तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला. तसं मी त्यांना बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं की नको हा विचारही तेव्हा केला नाही, कारण पेच अजून सुटायचा होता. वरची खोली करवल्यांना गेली, खालची बाळंतिणीला, आणि नवरदेवाचे दोन मामा राहिले उघड्यावर. आबांनी जिन्याखालची आपली खोली त्यांना दिली, धुतलेली चादर आणि वर आपली चांगली घोंगडी अंथरून. स्वतः गच्चीवर टाकीशेजारी झोपले. त्यांच्या दृष्टीने ती पाहुण्याला दिलेली सगळ्यात मानाची जागा होती. स्वतःचं अंथरूण द्यायचं, याहून मोठा मान त्यांच्यात नाही.

मामालोकांना तो मान समजला नाही. लग्न झालं, वऱ्हाड गेलं, आणि चार दिवसांनी लॉजच्या ऑनलाइन पानावर पाचातली एकच चांदणी पडली. खाली लिहिलं होतं, 'पूर्ण पैसे घेऊन जिन्याखाली घोंगडीवर झोपवले. रात्रभर डोक्यावरून माणसे चालत होती. मॅनेजरला चेक-आउट म्हणजे काय ते माहीत नाही.'

धाकट्या मालकांनी ते मोठ्याने वाचलं. ते ओरडले नाहीत. खुर्चीत बसून कपाळ चोळत राहिले. बुकिंग त्या चांदण्यांवर चालायचं आणि लिफ्टचा हप्ता बुकिंगवर, त्याचंही खोटं नव्हतं. "आबा," ते म्हणाले, "तुम्ही चांगलंच केलंत. पण उद्या प्रत्येक जण बाकड्यावर बसून आपलं आपलं ठरवायला लागला तर मी कशाला आहे?"

"तुमी रानाचं मालक," आबा म्हणाले. त्यांनी ते सरळ मनाने सांगितलं होतं, पण मालकांना लागलं.

पुढच्या आठवड्यात काउंटरमागे पाटी लागली. मीच टाइप केली होती. चेक-आउट सकाळी अकरा. अकरानंतर अर्ध्या दिवसाचे भाडे, दुपारनंतर पूर्ण दिवसाचे. मुक्काम वाढवणे अथवा कमी करणे यास वेगळा आकार. आबांनी मला ती वाचून दाखवायला लावली, मालकांच्या समोरच.

"कमी केला तरीबी पैसं?"

"हो, आबा."

"म्हंजी मानूस लवकर बरं झालं तर दंड."

"दंड नाही, आकार."

"आन् मानूस गेलं तर?"

मी मालकांकडे बघितलं. ते म्हणाले, "ते त्या त्या वेळी बघू."

"कोन बगनार?" आबांनी विचारलं. मालक पाटी सरळ करू लागले. आबा गच्चीवर गेले.

दोन किलो वजन भरून आजीची नात सुटली, तेव्हा आजी तिला दुपट्यात गुंडाळून बाकड्यावर आबांच्या शेजारी बसवायला, म्हणजे आपल्या मांडीवर घेऊन बसायला, मुद्दाम आली. पिशवीतून शेंगांची चटणी काढून दिली. आबांनी बाळाच्या हाताला नुसतं बोट लावलं आणि म्हणाले, "हिनं हितला मुक्काम लई वाढवला की." त्या मुक्कामाचा वाढीव आकार कॉम्प्युटरने लावला होता आणि धाकट्या मालकांनी स्वतः तो काढून टाकला होता. हेही सांगायलाच हवं.

पण जिन्याखालच्या खोलीचं ठरलं ते ठरलंच. मालकांना तिथं ऑफिस हवं होतं. कॉम्प्युटर, कॅमेऱ्याचा पडदा, आणि खुर्चीवर मी. काउंटरवर नवी मुलगी येणार होती. आबांना त्यांनी नीट बसवून सांगितलं, आता आराम करा, दर महिन्याला काही ना काही पाठवत जाईन. आबा "बरं" म्हणाले. तेवढंच. मला वाटलं होतं भांडतील, निदान थोरल्या मालकांचं नाव काढतील. मी घरी गेल्यावर आईला सांगितलं तर ती म्हणाली, त्यांच्या जागी मी असते तर पाटीच फोडली असती.

ठरलेल्या दिवशी मी आले तर आबा बाकड्यावर बसलेले. अंघोळ करून, फेटा बांधून, पायाशी गाठोडं, खांद्यावर घोंगडी. कोट खुंटीवरच ठेवला होता. पुतण्याचा वाडा तेव्हा जेऊरकडे होता, तिकडे निघाले होते. टपरीवरून चहा आला होता आणि दुसरा कप माझ्यासाठी होता.

"बस की, पोरी. तू येनार, मी जानार."

मी बसले. त्या बाकड्यावर इतक्या लोकांना बसलेलं पाहिलं होतं, पण स्वतः कधी बसले नव्हते.

"खिडकी जोरानं वडायची," आबा म्हणाले. "उजव्या भिताडाला वल येती, तितं कागूद ठिवू नगं. कॅम्पुटर बी नगं. पंखा कुरकुरतोय, पर चालतोय. आन् जिना ऐकायचा."

"जिना?"

"डोस्क्यावर हाय न्हवं जिना. समदं कळतं. घाईत हाय त्यो थांबत न्हाय. दमलेला हाय त्यो वर जाऊन थांबतो. पर जो तिसऱ्या पायरीवर थांबला, त्याला खोलीवर जायाचंच नसतं. दवाखान्यात काय तरी झालेलं आसतंय. त्यो थांबला की उठायचं. काम ऱ्हाऊ द्यायचं. जाऊन इचारायचं."

दुसऱ्या पायरीवर ऊन आलं होतं. मला रिवाज ठाऊक होता. 'राहा' म्हणायचा हक्क येणाऱ्याचा. मी म्हणाले, "आबा, मला नको ती खोली. काउंटरवर बरं आहे माझं. तुम्ही राहा. मी सांगते मालकांना."

त्यांनी माझ्याकडे पूर्ण वळून बघितलं. चेहरा असा उजळला की मला वाटलं, राहतात आता.

"म्हनलीस," ते म्हणाले. "लई झालं." कपातला शेवटचा घोट घेतला आणि गाठोडं उचललं. "व्यालेल्या मेंढीला वाडा थांबतो गं. म्हाताऱ्या मेंढक्याला न्हाय. जातो मी आता."

मला रडू आलं, आणि ते पावतीसाठी उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकासमोर आलं. मालक स्कूटर घेऊन दारात उभे होते. स्टेशनवर सोडायला त्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. आबा मागे एका बाजूला पाय सोडून बसले, गाठोडं मांडीवर. वळणापर्यंत घोंगडीचं टोक दिसत होतं.

बाकडं काढून तिथं सोफा ठेवायचं ठरलं होतं. मालक ते अजून काढत नाहीत आणि मी आठवण करत नाही. आबांचा कधीमधी पुतण्याच्या फोनवरून फोन येतो. ते माझी चौकशी करत नाहीत, टाकीची करतात.

परवा अकरा वाजून गेले आणि जिन्याखालच्या ऑफिसात माझ्या पडद्यावर वरच्या एका खोलीचं नाव लाल झालं. दारात रिक्षातून नवं बिऱ्हाड उतरत होतं, तीच खोली त्यांच्या नावावर होती. नव्या मुलीने काउंटरवरूनच मला हाक मारून विचारलं, अर्ध्या दिवसाचं लावू का? तेवढ्यात डोक्यावर पावलं वाजली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. मग काहीच वाजेना.

मी खुर्ची मागे सारली आणि बाहेर आले. लाल झालेल्या खोलीतलाच माणूस कठड्याला धरून उभा होता, हातात दवाखान्याची पिशवी. त्याला हाताला धरून खाली आणलं आणि बाकड्यावर बसवलं. रिक्षातून उतरलेल्या नवरा-बायकोला त्याच्या शेजारी बसवलं. टपरीवर चहा सांगितला.

"तुम्ही येणार, हे जाणार," मी म्हणाले. "बोला."

आणि टाकी बघायला गच्चीवर गेले.